बाजारची मंदी आणि मजुराचा रिकामा हात

चैत्र-वैशाखांत कोणत्याही तालुक्याच्या आठवडे बाजारांत दिवस मावळतां मावळतां घटकाभर उभें राहावें. सकाळीं ज्या टोमॅटोचा भाव शेतकरी मोठ्या उमेदीनें सांगत होता, तोच माल तो आतां ढिगावर काढीत असतो. आणि ढीगही न उठल्यास, परत नेण्याचें भाडें कोण भरणार म्हणून तेथेंच जनावरांपुढें टाकतो व रिकामे क्रेट घेऊन घरीं जातो. वाटेंत कोणी विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : "माल फार झाला."

ह्या उत्तरांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तेवढेंच तथ्य आहे असें मानणाऱ्यानें त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे नजर टाकावी. तेथें मजुरीवर पोट भरणारी बाई पाव किलो तेल, अर्धा किलो डाळ आणि मुलासाठीं दहा रुपयांची भेळ घेऊन परत फिरतांना दिसते. टोमॅटोच्या ढिगापाशीं ती थबकते, भाव विचारते आणि पुढें जाते. भाव पडलेला असूनही तो तिला परवडत नाहीं, कारण त्या आठवड्यांत तिला दोनच दिवस काम मिळालेलें असतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं सुमारे ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. माल फार झाला हेंच खरें धरावयाचें तर हीं पोटें आधीं भरलेलीं असावयास हवीं होतीं. माल फार झाला नाहीं. तो घेणाऱ्याच्या कनवटीला पैसा थोडा झाला.

गरज व मागणी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भुकेल्या माणसास गरज असते. मागणी करण्यास त्याच्याजवळ दाम असावा लागतो. बाजारास फक्त दामाची भाषा समजते. हा भेद अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्याच पानांवर असतो, पण शेतकऱ्यांच्या सभांतून आम्हीं तो क्वचितच ऐकला आहे. तेथें चर्चा चालते ती हमीभाव, निर्यात, आडत आणि खतांच्या किंमती यांची. ह्या चर्चा निरर्थक आहेत असें नव्हे. कांद्याचें दुखणें तर उघड उघड निराळें आहे : २०२३ च्या ऑगस्टांत निर्यातीवर ४० टक्के कर बसला, त्याच वर्षीं ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे २०२४ मध्यें उठली. त्या पडझडीचा दोष मजुराच्या खिशास कोणी देऊं नये. परंतु निर्यात न होणारा, गांवांत व आसपासच्या शहरांतच खपणारा जो भाजीपाला, दूध, अंडीं, डाळ, गूळ, त्याचें गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाहीं.

तें गिऱ्हाईक म्हणजे बहुतांशीं हातावर पोट असणारा माणूस. सुखवस्तु घरांत महिन्यास हजार रुपये अधिक आले तर ते मोबाइलचा हप्ता, सहल, सोनें किंवा बँकेंतील ठेव यांत जातात. त्या घरीं भाकरी एक जास्त भाजली जात नाहीं. मजुराच्या घरांत हजार रुपये अधिक आले तर पहिल्याच बाजारीं डाळ वाढते, दुसऱ्या बाजारीं दुधाचा रतीब लागतो, आणि कालवणांत बटाट्याबरोबर दुसरी भाजी दिसूं लागते. २०२२-२३ च्या सरकारी कुटुंबखर्च पाहणीप्रमाणें खेड्यांतील माणसाचा दरमहा सरासरी खर्च ३,७७३ रुपये व शहरांतील माणसाचा ६,४५९ रुपये होता; खेड्यांतील शंभर रुपयांपैकीं सुमारे ४६ रुपये अन्नावर जात होते. सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. त्याच पाहणींत खेड्यांतील सर्वांत खालच्या शंभरांतील पांच माणसांचा खर्च पाहिला तर तो दरमहा दरडोई १,३७३ रुपये, म्हणजे दिवसाचे जेमतेम ४६ रुपये भरतो. एवढ्यांत खाणें, कापड, औषध आणि मुलाची वही. अशा घरीं गेलेला जादा रुपया फिरून आपल्याच शेतमालावर येतो, ह्यांत शंका घेण्यास जागा नाहीं.

येथें आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. मजूर स्वस्त मिळाला म्हणजे शेती सुटली, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. एकट्या शेतकऱ्यापुरती ती खरीही आहे : माझ्या खुरपणीस बाई शंभर रुपये कमी घेऊन आली, तर तेवढे माझे वांचले. परंतु शिवारांतील प्रत्येकानेंच तसें वांचविलें, म्हणजे त्या सर्व बायांनीं बाजारांतून तेवढा माल कमी उचलला. एकाच्या वहींत जो नफा दिसतो तोच सर्वांच्या वहींत तोटा होऊन बसतो. आम्ही हें लिहितों म्हणून शेतकऱ्यानें उद्यांपासून दुप्पट रोज द्यावा असा अर्थ कोणीं काढूं नये. ज्याचा सोयाबीन हमीभावाच्या खालीं गेला तो दुप्पट रोज आणणार कोठून? आणि आमच्या मतें खरी मेख रोजाच्या दरापेक्षां कामाच्या दिवसांत आहे.

समजा, रोज ३०० रुपये आणि वर्षांत कामाचे दिवस १२०. वर्षाचे ३६,००० रुपये झाले. रोज तितकाच ठेवून दिवस १८० केले तर ५४,००० होतात. शेतकऱ्याच्या खिशांतून दिवसामागें एक पैसाही अधिक गेला नाहीं, आणि घरांत १८,००० रुपये वाढले. गांवांत अशीं शंभर घरें धरलीं, प्रत्येक घरीं एकच कमावता धरला, तर वर्षास १८ लाख. त्यांतील निम्मे जरी खाण्यापिण्यावर गेले तरी ९ लाखांची खरेदी. लहानशा आठवडे बाजारास ही कांहीं थोडी रक्कम नव्हे. म्हणून प्रश्न असा उरतो कीं, ते साठ दिवस यावयाचे कोठून?

कोरडवाहू मुलखांतील कामाचें वर्ष केवढें असतें तें आपणांस सांगावयास नको. मृगापासून खरिपाची धांदल, काढणी-मळणीस दिवाळी येते. ज्वारीचा रब्बी असेल तर माघ-फाल्गुनांत पुन्हां पंधरा-वीस दिवस हात चालतात. त्यानंतर रोहिणीपर्यंत पारावर बसणें. पूर्वीं निदान घरची जमीन मोठी होती. कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील सरासरी खातें १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरांवर आलें. म्हणजे साडेदहा एकरांचें सव्वातीन एकर. सव्वातीन एकरांत दोन भाऊ व त्यांच्या बायका राबतात तेव्हां चौघेही कामावर आहेत असें दिसतें; वस्तुतः काम दोघांचें असतें आणि दोघे ती बेकारी धोतराखालीं झांकून बसलेले असतात.

ही गोष्ट नवी नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गांवाची घरोघर चौकशी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या गांवीं १७७१ सालीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें; त्यांच्या चौकशीच्या वेळीं तें ७ एकरांवर आलेलें होतें, आणि नुसत्या शेतीवर बहुतेक घरांचा मेळ बसत नव्हता; गांवाबाहेरच्या मजुरीच्या पैशानें तीं तगून होतीं. आज तेंच पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरांत बुडालें असून जेथें बाजरी होई तेथें उंच इमारती उभ्या आहेत. तेथील माणसास रोजगार शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. रोजगारच चालून आला. परंतु प्रत्येक गांवास पुणें शेजारी मिळत नसतें. ज्यांस तें मिळालें नाहीं त्यांचें काय झालें, हेंच पाहण्यासारखें आहे.

वस्तुतः शेतींतून माणसें बाहेर पडावीं व कारखान्यांत, धंद्यांत लागावीं, हा देशाच्या वाढीचा नेहमींचा क्रम समजला जातो. आपल्याकडे कांहीं वर्षें हा क्रम चालला व मग उलटला. सरकारच्या मनुष्यबळ पाहणीप्रमाणें देशांतील काम करणाऱ्या शंभर माणसांपैकीं २०१८-१९ सालीं ४२.५ माणसें शेतींत होतीं. २०२३-२४ सालीं ती संख्या ४६.१ झाली. शेतीला हीं माणसें हवीं होतीं म्हणून तीं आलीं काय? मुळींच नाहीं. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली, शहरांतील चूल विझली, आणि माणूस जेथें भाकरीचा तुकडा तरी मिळेल तेथें परतला. पुढें पुष्कळांस जाण्यास सोय राहिली नाहीं. बेकारीचा आंकडा मात्र ह्यामुळें फुगत नाहीं, कारण भावाच्या शेतावर उभा असलेला माणूस कागदोपत्रीं कामांतच असतो. आठवड्याच्या हिशोबानें जी गणना होते तींत तर सात दिवसांत एका दिवशीं एक तास काम केलेला माणूसही कामकरी ठरतो. ज्यानें आठवड्यांत एकदां तासभर घरच्या शेळ्या वळल्या तो बेकार नव्हे! गणनेचे नियम जगभर असेच आहेत, तेव्हां कोणावर रागावण्याचें कारण नाहीं. पण अशा आंकड्यावरून बाजार भरेल कीं ओस पडेल हें ताडूं पाहणारा फसेल.

गांवाबाहेरचा पैसा आटला म्हणजे गांवचा बाजार कसा बसतो, ह्याचें एक जुनें उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचें आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या भागांतील असंख्य घरें गिरणगांवांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत. त्या मनिऑर्डरींतून वाण्याची उधारी फिटे, बी-बियाणें येई, बैल बदलला जाई. १८ जानेवारी १९८२ रोजीं अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले; तो संप रीतसर मागें घेतल्याचें कधीं जाहीर झालेंच नाहीं. पोस्टमन रिकाम्या हातानें दारावरून जाऊं लागला आणि त्याच्या मागोमाग स्वतः कामगार ट्रंक घेऊन गांवीं आला. आतां विचार करा : पैसा पाठविणारा एक हात गेला आणि त्याच शेतावर जेवणारें एक तोंड वाढलें. मुंबईंतील मागाचा आवाज थांबला तर कऱ्हाड-पाटणकडच्या दुकानदाराची वही का भरते, हें ज्यास कळलें त्यास शहर व खेडें यांचा खरा संबंध कळला.

नोटाबंदीनें हाच धडा थोड्या दिवसांत दिला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढील आठवड्यांत जिल्हा सहकारी बँकांस त्या नोटा घेण्यास मनाई झाली. आपल्या बहुतेक शेतकऱ्यांचें खातें ह्याच बँकांत. माल होता, घेणाराही होता, मधला कागद नाहींसा झाला. भाजीचे भाव कोसळले. त्या बाबतींत अधिक लिहिण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे, आणि तें जगानें नांवाजलें आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते वृद्ध आतां गांवोगांव थोडे उरले आहेत. धान्याचें पीक नेहमींच्या निम्म्यावर आलें होतें. विहिरी कोरड्या, बैल बाजारांत मातीमोल. अशा वेळीं जें घडावें अशी भीति होती तें घडलें नाहीं. माणसें किड्यामुंग्यांप्रमाणें मेलीं नाहींत. कारण कामें निघालीं. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसें होतीं. खडी फोडणें, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. दुपारीं सुकडी, आणि आठवड्यास मजुरी. परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं नाकें मुरडून खाल्ली, पण खाल्ली. रास्त भावाच्या दुकानांतून मिळणारें धान्य गरजेच्या मानानें थोडेंच होतें. बाकीचें धान्य कोणीं आणलें? मजुराच्या हातांतील रोकड पैशानें तें ओढून आणलें. जेथें विकत घेणारा उभा राहतो तेथें व्यापारी माल घेऊन येतोच. त्यास धर्मोपदेश करावा लागत नाहीं.

ह्याच्या शंभर वर्षें आधीं, १८७७ सालीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी काटून ती दिवसास एक रत्तल धान्याच्या मापावर आणली. मजूर कामें सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली, तरी दख्खनेंत माणसें लाखांनीं गेलीं. दोन्ही वेळीं पाऊस सारखाच रुसला होता. फरक होता तो मजुराच्या हातावर काय ठेवलें ह्यांत.

दुष्काळांत जें करावें लागतें तें दरवर्षींच्या कोरड्या महिन्यांत कां करूं नये, हा विचार विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं दुष्काळापूर्वींच मांडला होता. १९६५ सालीं सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांत विसापूर भागीं त्याचा प्रयोग झाला. १९७२ सालीं योजना राज्यभर आली, १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मागेल त्यास काम देणें हें त्यानें सरकारचें कर्तव्य ठरविलें. ह्या कायद्याचें आम्हांस सर्वांत विशेष वाटतें तें त्याच्या पैशाच्या तजविजीबद्दल. १९७५ सालीं बसविलेला व्यवसाय कर हा मुख्यतः शहरांतील पगारदार व धंदेवाइकांकडून घेतला गेला, आणि तितकीच भर सरकारनें घालावी असें ठरलें. मुंबईच्या कचेरींतील कारकुनाच्या पगारांतून कापलेले थोडे रुपये माणदेशांतील बांधावर मजुरी होऊन पडले, आणि तेथून गांवच्या बाजारांत आले. मनिऑर्डर बंद झाली तेथें ही दुसरी मनिऑर्डर चालूं झाली, असें म्हटलें तरी चालेल. पुढें २००५ सालीं देशानेंही हमीचा कायदा केला व त्यांत दर घरास वर्षांत शंभर दिवसांची मर्यादा घातली. टाळेबंदीच्या २०२०-२१ सालीं त्याखालीं सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचें काम निघालें.

शेतकरीवर्गानें ह्या योजनेस पहिल्यापासून नाकें मुरडलीं. "मजूर बिघडले, शेतावर कोणी येत नाहीं" ही तक्रार आम्हींही ऐकली आहे, आणि पेरणी-काढणीच्या ऐन घाईंत ती खरी असते. अशा वेळीं सरकारी काम मंद ठेवावें हें रास्तच आहे. परंतु फाल्गुनानंतर, आपल्याच शेतांत काम नसतांना, ही तक्रार करणें म्हणजे आपणही खाऊं नये व दुसऱ्यासही देऊं नये असें झालें. शिवाय गंमत अशी कीं, १९९० पासून ह्याच हमींतून फळबागा लावण्याची सोय झाली, आणि मजूर बिघडल्याची ओरड करणाऱ्या कित्येकांच्या डाळिंबाचे, आंब्याचे व काजूचे खड्डे त्याच मजुरांनीं सरकारी पैशानें खणले. पाझर तलावाखालच्या विहिरींस पाणी वाढलें तें ज्यांच्या विहिरी होत्या त्यांचेंच वाढलें. भूमिहीनास विहीर नव्हती.

योजनेंतील दोषांकडे डोळेझांक करावी असें आम्ही सुचवीत नाहीं. खोटे हजेरीपट, पहिल्याच पावसांत वाहून गेलेले रस्ते, अर्धवट बांध हे सर्वांनीं पाहिले आहेत. पण बाजाराच्या दृष्टीनें सर्वांत घातक दोष म्हणजे मजुरी उशिरां मिळणें. वैशाखांत केलेल्या कामाचा पैसा आषाढांत आला तर मधले दोन महिने तें घर उधारीवर चालतें. उधारीचा माल महाग व हलका मिळतो, व आलेला पैसा भाजीवाल्याकडे न जातां थेट सावकाराच्या व वाण्याच्या वहींत जातो. मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशीं हातांत पडली तरच ती बाजारांत येते.

यंत्रांविषयींही येथें दोन शब्द लिहिणें भाग आहे. मळणीयंत्र व हार्वेस्टर आले ते शेतकऱ्याच्या गरजेनें आले. वळीव डोक्यावर असतांना गहूं शेतांत ठेवून माणसांची वाट पाहा असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. परंतु हार्वेस्टरचें भाडें गांवाबाहेर जातें आणि कापणीची मजुरी गांवांत राहत असे, एवढा हिशोब तरी ग्रामसभेनें मांडावा, व यंत्रानें जितके दिवस खाल्ले तितके गाळ काढणें, बांधबंदिस्ती, झाडें, गोदाम, डाळमिल अशा कामांतून भरून काढतां येतात कीं काय तें पाहावें.

हे हिशोब मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कचेरींत बसून होणार नाहींत, आणि आमच्या टेबलावर बसूनही होणार नाहींत. यास्तव सभासदांस आमची विनंति आहे कीं, मार्गशीर्षापासून वैशाखअखेरपर्यंत प्रत्येकानें आपल्या गांवांतील दहा मजूर घरांची एक साधी वही ठेवावी : आठवड्यांत घरांतील किती माणसांस किती दिवस काम मिळालें, तें शेतावर, सरकारी कामावर कीं बाहेरगांवीं, मजुरी किती दिवसांनीं हातांत आली, आणि त्याच आठवड्यांत बाजारांत टोमॅटो, वांगीं, दूध व तूरडाळ यांचे भाव सकाळीं काय होते व संध्याकाळीं काय झाले. नांवें लिहूं नयेत. घरास क्रमांक द्यावा. ज्या वह्या ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यांत आमच्याकडे येतील त्यांचा गोषवारा तालुकावार छापण्यांत येईल.